जुन्या आरपीजीत कॅरेक्टरची इन्व्हेंटरी एम्युलेटरमधून कशी एडिट करायची, सेव्ह न उडवता

चीट कोड टाकणं वेगळं आणि इन्व्हेंटरी, म्हणजे कॅरेक्टरजवळचा माल, एडिट करणं वेगळं. कोड म्हणजे दुसऱ्या कोणीतरी शोधलेला ॲड्रेस (मेमरीतल्या जागेचा नंबर) आणि त्यात कोंबलेला आकडा, चालला तर चालला, नाही चालला तर का नाही चालला हे आपल्याला कळतच नाही, आणि कधी कधी चालतो पण दोन तासांनी भलतंच काहीतरी बिघडलेलं सापडतं. त्यापेक्षा गेम आपला माल मेमरीत कसा मांडून ठेवतो ते एकदा नीट बघून घ्यायचं, मग कुठलीही जुनी आरपीजी असो, हात त्याच पद्धतीने चालतो. आणि एक नियम सुरुवातीलाच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: आपण वस्तू फक्त बॅगेत ठेवायची, ती अंगावर चढवणं, हिशोब करणं, सेव्ह करणं ही कामं गेमलाच करू द्यायची.

मुख्य उदाहरण म्हणून नेसवरचा (निन्टेन्डोचा जुना कन्सोल) पहिला फायनल फँटसी घेतोय, जपानमध्ये १९८७ ला आणि अमेरिकेत १९९० ला आलेला. ह्यात प्रत्येक कॅरेक्टरची स्वतःची चार वेपनची आणि चार आर्मरची घरं असतात, औषधं आणि तंबू मात्र चौघांचे मिळून एकत्र, म्हणजे दोन्ही प्रकार एकाच गेममध्ये शिकता येतात. खालचे ॲड्रेस अमेरिकन आवृत्तीचे आहेत, रँडमायझर किंवा फॅन हॅक (चाहत्यांनी बदललेली आवृत्ती) खेळत असाल तर ते तसेच असतील असं धरून चालू नका, आधी खालची ४०० सोन्याची चाचणी करा.

काय काय लागतं

हेक्स एडिटर (मेमरीतले आकडे दाखवून बदलू देणारं टूल) असलेला एम्युलेटर (जुना कन्सोल कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम), बस. नेससाठी एफसीईयूएक्स सगळ्यात सोपा पडतो, त्याच्या विंडोज आवृत्तीत डीबग मेन्यूत हेक्स एडिटर आणि टूल्स मेन्यूत रॅम सर्च असतं. मेसेन आणि बिझहॉकमध्येही हे सगळं आहे, गेम बॉयसाठी एमजीबीए चांगला. फोनवरच्या बऱ्याच एम्युलेटरमध्ये फक्त चीट टाकायची सोय असते, मेमरी दिसत नाही, त्यामुळे हे काम कॉम्प्युटरवरच करा आणि नंतर सेव्ह फाइल फोनवर न्या. रॉम (गेमची फाइल) स्वतःच्या कार्ट्रिजवरून काढलेला वापरा, आणि रेट्रोअचीव्हमेंट्स (जुन्या गेममध्ये अचीव्हमेंट देणारी सेवा) ह्याचा हार्डकोर मोड चालू असेल तर तिथे ह्यातलं काहीच चालत नाही, तो बंद करा किंवा मोह आवरा.

सुरू करायच्या आधी दोन बॅकअप घ्या. एक सेव्ह स्टेट (एम्युलेटरने साठवलेला त्या क्षणाचा अख्खा खेळ), वेगळ्या स्लॉटमध्ये, ज्याला काम संपेपर्यंत हात लावायचा नाही. दुसरा बॅकअप म्हणजे एम्युलेटरच्या फोल्डरमधली सेव्ह फाइल, एफसीईयूएक्समध्ये ती sav नावाच्या फोल्डरमध्ये असते, ती उचलून दुसरीकडे कॉपी करा. दोन्ही घ्या, एकावर भागत नाही, का ते शेवटी येईलच.

हेक्स, लागतं तेवढंच

मेमरीतला प्रत्येक बाइट हेक्समध्ये दोन अंकांनी लिहितात, ०० पासून एफएफ पर्यंत, म्हणजे आपल्या हिशोबात ० ते २५५. इथे मी हेक्सची अक्षरं ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिलीत, टाइप करताना कीबोर्डवरची तीच इंग्रजी अक्षरं दाबा. बदल करताना कॅल्क्युलेटरचा प्रोग्रामर मोड उघडून ठेवा, डोक्यात करत बसू नका. एक आकडा मात्र पाठ करून टाका, ९९ म्हणजे हेक्समध्ये ६३, कारण जुन्या आरपीजीत बहुतेक वेळा वस्तूंची मर्यादा ९९ असते.

मोठा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, तो दोन-तीन बाइटमध्ये पसरतो, आणि नेसवर तो सहसा उलटा लिहिलेला असतो, लहान भाग आधी, मोठा भाग नंतर. ४०० म्हणजे हेक्समध्ये १९०, तर मेमरीत ते दिसेल ९० ०१ ००. इथेच बरेच जण ०१ ९० शोधत बसतात आणि म्हणतात ॲड्रेस चुकीचा आहे.

आधी खात्री करा, मग हात घाला

नवीन गेम सुरू करा, चार कॅरेक्टर निवडा, जगाच्या नकाशावर आलात की खिशात ४०० जी, म्हणजे ४०० सोनं असतं. आता हेक्स एडिटर उघडा, वर व्ह्यूमध्ये नेस मेमरी निवडलेलं आहे ना बघा, रॉम फाइल नको, आणि ६०१सी ह्या ॲड्रेसवर जा. तिथे ९० ०१ ०० दिसलं पाहिजे. दिसलं तर तुमची आवृत्ती आणि हे ॲड्रेस जुळतात.

मग कोनेरिया ह्या पहिल्या गावातल्या दुकानात जाऊन पहिल्या कॅरेक्टरसाठी एक रॅपियर (तलवार) घ्या, १० जी ची आहे. सोनं ३९० झालं, म्हणजे ६०१सी वर आता ८६ ०१ ००. आणि त्याच वेळी ६११८ वर बघा, तिथे ०० होतं त्याचं ०४ झालेलं दिसेल. ०४ हा रॅपियरचा नंबर. आता मेन्यूतून ती रॅपियर इक्विप करा आणि परत ६११८ बघा: ८४.

हे ०४ चं ८४ होणं ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. गेमने वस्तूचा नंबर तोच ठेवला आणि त्यात हेक्सचे ८० मिळवले, म्हणजे बाइटमधला सगळ्यात वरचा बिट चालू केला, तो बिट म्हणजे "ही अंगावर आहे" अशी खूण. एकाच बाइटमध्ये दोन माहित्या. जुन्या गेममध्ये हे सर्रास चालतं कारण मेमरी वाचवायची असायची, नेसची स्वतःची रॅम फक्त २ केबी, आणि बॅटरीवाल्या कार्ट्रिजमध्ये वरून ८ केबी, ६००० ते ७एफएफएफ ह्या पट्ट्यात. आपलं सगळं काम त्याच पट्ट्यात आहे.

कॅरेक्टरची घरं

प्रत्येक कॅरेक्टरला हेक्समध्ये ४० बाइटची जागा आहे. पहिल्याची ६१०० पासून, दुसऱ्याची ६१४०, तिसऱ्याची ६१८०, चौथ्याची ६१सी०. नाव तिसऱ्या बाइटपासून चार अक्षरं. अक्षरांचे नंबर ह्या गेमने स्वतःचे ठरवलेत, मोठी इंग्रजी अक्षरं ८ए पासून सुरू होतात, म्हणजे कोणाचं नाव चार वेळा ए ठेवलं तर ६१०२ पासून ८ए ८ए ८ए ८ए दिसेल. ही युक्ती लक्षात ठेवा, अनोळखी गेममध्ये कॅरेक्टर कुठे आहे ते शोधायला नाव एकाच अक्षराचं ठेवायचं, सारखे चार बाइट ओळीने नजरेला लगेच लागतात.

ह्या जागेच्या सुरुवातीपासून १८ पुढे गेलं की चार वेपन, १सी पुढे गेलं की चार आर्मर, दोन्ही आकडे हेक्समधले. पहिल्याचे वेपन ६११८ ते ६११बी, आर्मर ६११सी ते ६११एफ. दुसऱ्याचे ६१५८ आणि ६१५सी पासून, तिसऱ्याचे ६१९८ आणि ६१९सी, चौथ्याचे ६१डी८ आणि ६१डीसी. वेपनचे नंबर ०१ ते २८, आर्मरचेही ०१ ते २८, पण याद्या वेगळ्या, त्यामुळे २८ वेपनच्या घरात टाकलं तर मासामुने आणि आर्मरच्या घरात टाकलं तर प्रोरिंग. आर्मरमध्ये २० म्हणजे रिबन, वेपनमध्ये २७ म्हणजे एक्सकॅलिबर.

आता प्रत्यक्ष बदल. कॅरेक्टर नकाशावर उभं असताना, मेन्यू बंद, लढाई चालू नाही, अशा वेळी एम्युलेटर पॉज करा. त्या कॅरेक्टरचं पहिलं रिकामं घर शोधा, जिथे ०० आहे. तिथे २८ टाका. ए८ नाही, २८. मधलं घर रिकामं सोडून पुढे टाकू नका, डावीकडून भरत या. पॉज काढा, मेन्यूत जा, वेपनच्या स्क्रीनवर मासामुने दिसेल, ती तिथूनच इक्विप करा. झालं.

अंगावरची वस्तू का बदलायची नाही

लोकांना वाटतं ८४ आहे ना, त्याचं सरळ ए८ केलं की एका फटक्यात मासामुने हातात. दिसते तशी हातात, पण मारते रॅपियरसारखीच, आणि मग म्हणतात चीट चालत नाही.

कारण असं की कॅरेक्टरचा डॅमेज गेम दरवेळी नव्याने मोजत बसत नाही, तो मोजून वेगळ्या बाइटमध्ये ठेवलेला असतो. वेपन किंवा आर्मरची स्क्रीन उघडली की गेम आधी अंगावरच्या वेपनचे आकडे त्या डॅमेजमधून वजा करतो, आणि बाहेर पडताना जे अंगावर असेल त्याचे आकडे परत मिळवतो. रॅपियरचे ९, मासामुनेचे ५६. तुम्ही रॅपियर चढवलेली असताना नंबर बदलला तर स्क्रीन उघडताना ५६ वजा, बंद करताना ५६ अधिक, हिशोब शून्य, डॅमेज रॅपियरचाच राहिला. त्याहून वाईट म्हणजे तिथे जाऊन ती काढलीत तर कधी मिळवलेच नव्हते ते आकडे वजा होतात, आकडा शून्याच्या खाली घसरतो आणि बाइटला उणे माहीत नसल्यामुळे तो वरच्या टोकाकडून येतो, दोनशेच्या घरात वगैरे. काहींना हा बग आवडतो, त्यांनी खुशाल करावा, पण मग पुढचे आकडे कधीच सरळ राहणार नाहीत.

असं झालंच असेल आणि अजून काढलेली नसेल तर उपाय सोपा आहे, बाइट परत ८४ करा, गेमच्या मेन्यूतून रॅपियर उतरवा, मग ती ०४ झाली की तिथे हवं ते टाका. सगळं उतरवून ठेवायचं आणि मगच एडिट करायचं ही सवय लावून घ्या, इतर आरपीजीतही मोजून ठेवलेल्या आकड्यांची भानगड वारंवार भेटते.

दोन गोष्टी जाता जाता. मूळ नेस आवृत्तीत क्रिटिकल हिटची (नेहमीपेक्षा जोराच्या फटक्याची) शक्यता वेपनच्या खऱ्या आकड्याऐवजी त्याच्या यादीतल्या नंबरवरून घेतली जाते, बगच आहे तो, आणि मासामुने यादीत शेवटची, ४० वी, त्यामुळे तिला फुकटात सगळ्यात जास्त क्रिटिकल मिळतो. मासामुने कुठल्याही क्लासला चालते, रिबन आणि प्रोरिंगही, पण एक्सकॅलिबर फक्त नाइटला, तुम्ही ती ब्लॅक मेजच्या घरात टाकलीत तर नुसती पडून राहील. आणि ब्लॅक बेल्टला वेपन देऊच नका शक्यतो, तो रिकाम्या हाताने लेव्हलच्या दुप्पट डॅमेज घेतो, वरच्या लेव्हलला मासामुने हातात देणं म्हणजे त्याचं नुकसानच.

औषधं, तंबू आणि शेजारी बसलेले ऑर्ब

चौघांच्या एकत्र वस्तूंची मांडणी वेगळी आहे. इथे घरात वस्तूचा नंबर नसतो, प्रत्येक वस्तूचं घर ठरलेलं आणि त्यात फक्त किती आहेत तो आकडा. टेंट ६०३६, केबिन ६०३७, हाउस ६०३८, हील ६०३९, प्युअर ६०३ए, सॉफ्ट ६०३बी. हील ९९ हवे तर ६०३९ वर ६३ टाका. ९९ च्या वर जाऊ नका, दोन अंकी दाखवायची सोय आहे तिथे तीन अंकी आकडा बसत नाही.

टाकताना ॲड्रेस दोनदा वाचा, कारण टेंटच्या लगेच मागे, ६०३२ ते ६०३५, चार ऑर्ब (गोष्टीतले चार गोळे) आहेत. टेंट वाढवायला गेलात आणि एक घर मागे पडलात तर ऑर्ब पेटलेला दिसेल आणि गोष्ट पुढे गेल्यासारखी होईल. त्याच्याही मागे ल्यूट, क्राउन, टीएनटी, कनू असल्या गोष्टीतल्या वस्तू, ०० किंवा ०१. त्यांना हात लावू नका असंच सांगेन. त्या वस्तू नुसत्या बॅगेत नसतात, कोण भेटलं, कोणती पेटी उघडली ह्याच्या खुणा दुसरीकडे असतात, आणि दोन्हीचं जमलं नाही की एखादं पात्र तेच तेच बोलत बसतं आणि तुम्ही गावभर फिरत बसता.

सोन्यासाठी जास्तीत जास्त ९९९९९९, हेक्समध्ये एफ४२३एफ, तर ६०१सी पासून उलटं ३एफ ४२ ०एफ.

ॲड्रेस माहीतच नसेल तर

मग रॅम सर्च. जी वस्तू मोजता येते आणि पटकन कमी-जास्त करता येते ती निवडा, हील पोशन उत्तम. समजा बॅगेत ५ आहेत, तर ५ असलेले सगळे बाइट शोधा, शेकडो येतील, घाबरू नका. एक वापरा, आता ४ असलेले शोधा, आधीच्याच यादीत. दुकानातून दोन घ्या, ६ शोधा. असं करत यादी एक-दोन ॲड्रेसवर येते. मधे नकाशावर थोडं फिरा आणि "न बदललेले" असंही गाळून घ्या, म्हणजे टायमर आणि पावलांचे आकडे गळतात. काही टूल फक्त आतली २ केबी रॅम शोधतात, तर ६००० च्या पुढचा पट्टा शोधात आहे ना ते सेटिंगमध्ये बघा, नाहीतर जे आहे तेच सापडणार नाही.

दोन ॲड्रेस उरले तर एक बहुतेक नुसता दाखवण्यासाठीचा असतो, त्यात बदल केला तर स्क्रीनवर दिसतो आणि मेन्यू परत उघडला की जातो. फायनल फँटसीत अजून एक गंमत, ६००० ते ६३एफएफ हा चालू खेळ आणि ६४०० ते ६७एफएफ ही सेव्ह केलेली त्याचीच कॉपी, म्हणजे नुकतंच सेव्ह केलेलं असेल तर ६०३९ बरोबर ६४३९ पण सापडेल. चालू खेळातलाच बदला.

वेपनसारख्या गोष्टीला आकडा नसतो, मग "बदलले का" ह्यावरून शोधा: विकत घ्यायच्या आधी आणि नंतर, इक्विप करायच्या आधी आणि नंतर. एक ॲड्रेस सापडला की आजूबाजूचं स्वतःच वाचता येतं.

आणि सापडलेला ॲड्रेस फ्रीज करून ठेवू नका. ६११८ वर ०४ फ्रीज केलं तर तुम्ही इक्विप करता, गेम ८४ लिहितो, एम्युलेटर लगेच परत ०४ करतो, आणि तुम्ही म्हणता इक्विपच होत नाही. एकदा लिहायचं आणि सोडून द्यायचं.

दुसऱ्या गेममध्ये मांडणी कशी ओळखायची

गेम बॉयवरच्या पोकेमॉन रेड आणि ब्लूमध्ये बॅग ही यादी आहे. डी३१डी वर एकूण किती प्रकारच्या वस्तू, मग डी३१ई पासून जोड्या, आधी वस्तूचा नंबर मग संख्या, आणि शेवटच्या जोडीनंतर एफएफ, म्हणजे "यादी संपली". नुसता शेवटी नवा नंबर लिहिला तर तो एफएफवरच जाऊन बसतो आणि गेम पुढचा कचराही यादी समजून वाचू शकतो. तर नवीन जोडी लिहा, एफएफ तिच्या पुढे सरकवा, डी३१डी मधला आकडा एकाने वाढवा, तिन्ही एकत्र, आणि बॅगेत जास्तीत जास्त २० प्रकार. त्यापेक्षा सोपं म्हणजे दुकानातून एक साधं पोशन घ्या, गेम यादी स्वतः वाढवेल, मग त्याच्या १४ ह्या नंबरच्या जागी २८ लिहा, रेअर कँडी मिळाली, संख्येच्या जागी ६३. येलो आवृत्तीत हे ॲड्रेस एकाने मागे आहेत, डी३१सी पासून. आणि पैसे डी३४७ पासून तीन बाइट, पण तिथे हेक्सचा हिशोब लावू नका, अंक जसेच्या तसे लिहिलेले असतात, सुरुवातीचे ३००० म्हणजे ०० ३० ००, आणि ९९९९९९ म्हणजे ९९ ९९ ९९.

सुपर नेसवरच्या फायनल फँटसी ६ मध्ये, जो अमेरिकेत तीन ह्या नंबराने आला, तिसराच प्रकार. वस्तूंचे नंबर ७ई१८६९ पासून एका रांगेत आणि त्यांच्या संख्या ७ई१९६९ पासून वेगळ्या रांगेत, रिकाम्या घरात एफएफ. पाचव्या घरातला नंबर बदलला तर संख्या दुसऱ्या रांगेच्या पाचव्या घरात.

म्हणजे अनोळखी गेम हातात आला की एकच वस्तू दोन वेळा घ्या आणि बघा एक बाइट वाढला की नवीन काही उगवलं, मग दुसरी वस्तू घ्या आणि बघा ती कुठे उगवली. एवढ्यावर मांडणी कळते.

सेव्ह करताना

बदल झाला की गेमच्या आतूनच सेव्ह करा, फायनल फँटसीत खानावळीत झोपून किंवा नकाशावर टेंट लावून. त्या वेळी गेम चालू खेळाची कॉपी ६४०० वर नेतो आणि चेकसम (सेव्ह बिघडली नाही ना हे ताडायचा आकडा) मोजून ६४एफडी वर लिहितो, त्याच्या पुढे ५५ आणि एए ह्या दोन खुणा. सेव्ह फाइल बाहेरून हेक्स एडिटरने उघडून एडिट करता येते, ८ केबीची फाइल म्हणजे ६००० ते ७एफएफएफ चा सरळ उतारा, पण एक बाइट बदलला तरी चेकसम जुळत नाही आणि गेम ती सेव्ह मानतच नाही. पोकेमॉन रेडमध्येही तेच, तिथे फाइलमध्ये २५९८ ते ३५२२ पर्यंतच्या बाइटची बेरीज उलटी करून ३५२३ वर ठेवलेली असते. ती बेरीज स्वतः करत बसण्यापेक्षा चालू मेमरीत बदल करून गेमला सेव्ह करायला लावणं कधीही बरं.

सेव्ह स्टेट आणि गेमची सेव्ह ह्यांची गल्लत इथे होते. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाची सगळी मेमरी, बॅटरीवाला भाग धरून. तुम्ही एडिट केलं, गेममधून सेव्ह केलं, आणि मग सवयीने जुनी स्टेट लोड केली तर नवीन सेव्हही जुनी होऊन बसते. म्हणून बॅकअप दोन्ही प्रकारचे, आणि एडिट झाल्यावर नवीन स्टेट नवीन स्लॉटमध्ये.

शेवटची तपासणी अशी करा: गेममधून सेव्ह केल्यावर एम्युलेटर पूर्ण बंद करा, परत उघडा, स्टेट लोड न करता गेमच्या स्क्रीनवरचं कंटिन्यू दाबा. बॅग उघडून वस्तू आहेत का बघा, वेपनच्या स्क्रीनवर जाऊन मासामुने एकदा उतरवा आणि परत चढवा, स्टेटसमधला डॅमेज दोन्ही वेळा ५६ ने खालीवर होतोय का ते बघा. ब्लॅक बेल्टवर ही तपासणी करू नका, त्याचा रिकाम्या हाताचा हिशोब वेगळा आहे. बाकी कोणाचाही आकडा बरोबर हलला तर ऑटोसेव्ह स्टेट वगैरे चालू असेल ती पुसून टाका आणि खेळायला लागा.